बागेची प्रश्नोत्तरं: लॉन कापताना मशीन कोणत्या दिशेनं फिरवावं?

पाऊस सुरू झाला की लॉन दर आठवड्याला कापावं लागतं. या वेळी बऱ्याच वाचकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारली आहे: मशीन कसं फिरवलं तर काम लवकर उरकेल आणि कापून झाल्यावर लॉन देखणंही दिसेल? निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

आमच्या सोसायटीत 60 × 30 फुटांचं लॉन आणि 16 इंची पेट्रोल मशीन आहे. माळीदादा बाहेरच्या कडेनं सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत येतात. तासाभराहून जास्त वेळ लागतो, तरी मध्ये मध्ये गवताचे तुरे उभे राहतात. यापेक्षा बरी पद्धत आहे का?
— बाग समिती, बाणेर, पुणे

आहे. लॉन कापायला लागणारा वेळ दोन गोष्टींवर ठरतो: वळणं किती घ्यावी लागतात आणि दर फेऱ्यात आधीच कापलेलं गवत किती वेळा पुन्हा कापलं जातं. तुमच्याच मापांवर हिशेब करून पाहू.

आधी चारही कडांनी दोन फेरे पूर्ण घ्या. त्यामुळे कडेला साधारण सव्वादोन फुटांची कापलेली पट्टी तयार होते. पुढची सगळी वळणं याच पट्टीत घ्यायची, म्हणून तिला वळणपट्टी म्हणू. मग उरलेला आयत लांब बाजूला समांतर, सरळ जाऊन-येऊन कापायचा. पातं 16 इंचांचं असलं तरी शेजारच्या फेऱ्यावर 3 इंच चढवायचे, म्हणजे दर फेऱ्याला 13 इंच नवं गवत कापलं जातं. या हिशेबानं लांबीच्या दिशेनं 24 फेरे आणि 23 वळणं होतात. तेच लॉन रुंदीच्या दिशेनं कापलं, तर 52 फेरे आणि 51 वळणं. चालणं दोन्हीकडे सारखंच, सुमारे 1,335 फूट. फरक पडतो तो सगळा वळणांचा.

सध्याच्या पद्धतीत साधारण 14 फेरे होत असतील आणि प्रत्येक फेऱ्यात चार कोपरे, म्हणजे पन्नासच्या वर वळणं. शिवाय काटकोनात वळताना गोल फिरणारं पातं बाहेरचा कोपरा सोडून देतं. तुमच्या माळीदादांना दिसणारे तुरे तिथलेच असावेत. मशीन बंद असताना लॉनच्या एका कोपऱ्यात उभं राहून दोन्ही कडांच्या बरोबर मधून, 45 अंशांत आत बघा. राहिलेले तुरे त्याच तिरप्या रेघेवर, एका रांगेत दिसतील. काही महिने हाच क्रम चालला, तर चारही कोपऱ्यांतून निघणाऱ्या या तिरप्या रेघांवर चाकांनी जमीनही दाबली जाते आणि तिथलं गवत विरळ होतं.

आता वेळ खाणारी दुसरी गोष्ट. गवत राहू नये म्हणून पुष्कळ जण अर्धं मशीन आधीच्या फेऱ्यावर चढवतात. असं केलं की 24 चे 39 फेरे होतात. त्यापेक्षा खूण सोपी आहे: मशीनचं आतलं चाक मागच्या फेऱ्यातल्या चाकाच्या खुणेच्या किंचित आत चालवायचं. चाकाकडे बघत चाललं की रेघ वाकडी जाते. समोरच्या टोकाची एखादी खूण, कुंडी किंवा कुंपणाचा खांब, नजरेत धरून चालावं.

वळणपट्टीत आल्यावर एका चाकावर गर्रकन फिरू नका, त्यानं गवत मुळासकट सोलून निघतं. दोन्ही मागची चाकं फिरती राहतील असा छोटा अर्धगोल घ्या. जागा अपुरी पडली तर थोडं पुढे जाऊन, मागे घेऊन, मग पुढच्या फेऱ्याला लागा. मात्र मशीन मागे ओढताना आधी पायाकडे बघा, मग ओढा. गवताची पिशवी रिकामी करण्याचा वेळ धरूनही एवढं लॉन अर्ध्या तासाच्या आसपास व्हायला हवं.

टीव्हीवर क्रिकेटच्या मैदानात दिसतात तसे गडद-फिके पट्टे घरच्या लॉनवर कसे आणायचे? आमच्याकडे हरळीचं लॉन आहे. दोन वेगवेगळ्या उंचीवर कापून पाहिलं, पण नीट दिसत नाही.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उंचीचा इथे संबंध नाही, सगळं लॉन एकाच उंचीवर कापायचं असतं. गवताची पाती कोणत्या बाजूला झुकली आहेत, यावर पट्टे दिसतात. मखमलीवर हात उलटसुलट फिरवला की ती गडद-फिकी दिसते, तसंच हे आहे. पाती तुमच्यापासून दूर झुकलेली असली की त्यांचा सपाट भाग उजेड परत फेकतो आणि पट्टा फिका दिसतो. ती तुमच्याकडे झुकलेली असली की टोकं आणि त्यांच्या सावल्या दिसतात, म्हणून पट्टा गडद. तोच पट्टा दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिला, तर उलट दिसेल.

यातून दोन गोष्टी ठरतात. पहिली, पट्टे कुठून बघायचे आहेत ते आधी ठरवा. व्हरांड्यातून बघायचे असतील तर ते व्हरांड्यापासून दूर जाणारे हवेत. आडवे घातले तर फारसे उठून दिसणार नाहीत. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं असताना ते सर्वांत ठळक असतात, भर दुपारी फिके पडतात. दुसरी, पाती झुकवायला मशीनच्या मागे रूळ हवा. दंडगोल फिरत्या पात्यांच्या मशीनला, म्हणजे सिलिंडर मोवरला, बहुधा मागे रूळ असतोच. एडविन बडिंग यांनी इंग्लंडमध्ये 1830 साली पेटंट घेतलेलं पहिलं गवत कापायचं मशीन याच जातीचं होतं. आडवं पातं गरगर फिरणाऱ्या साध्या रोटरी मशीनला नुसती चार चाकं असतात. त्यानं गवत कापलं जातं, पण झुकत नाही.

तुमच्याकडे रोटरी असेल तर वेगळा हलका रूळ करून घ्या. 110 मिमीचा पीव्हीसी पाइप 16 इंच लांब कापून घ्या, दोन्ही टोकांना एंड कॅप बसवा, आत कोरडी वाळू भरा. वजन पाच-सहा किलो होतं. मधून आरपार लोखंडी सळई घालून तिला ओढायचा दांडा जोडा. हा रूळ मशीनला साखळीनं अडकवू नका. मशीन मागे घेताना तो पात्याखाली येऊ शकतो. कापणी झाल्यावर, मशीन बंद करून, त्याच फेऱ्यांवरून तो हातानं ओढा. तुम्ही पुढे आणि रूळ मागे असल्यामुळे तुमच्या पावलांच्या खुणाही पुसल्या जातात.

16 इंची मशीनचे 13-13 इंचांचे पट्टे मोठ्या लॉनवर बारीक दिसतात. दुप्पट रुंद हवे असतील तर सुतळी ताणून 26-26 इंचांचे भाग पाडा. पहिल्या भागातला एक फेरा जाताना, दुसऱ्या भागातला एक येताना, मग पुन्हा पहिल्यातला उरलेला जाताना आणि दुसऱ्यातला उरलेला येताना, असा क्रम ठेवा. रिकामं परत यावं लागत नाही.

हेही स्पष्ट सांगायला हवं की हरळी आणि कोरियन गवत ही आपल्याकडची उष्ण हवेतली गवतं आखूड आणि ताठ असतात. ती राय किंवा फेस्क्यूसारख्या थंड हवेतल्या गवतांइतकी झुकत नाहीत. सव्वा इंचाच्या आसपास उंची ठेवली, आठवड्याला कापणी ठेवली आणि पातं धारदार असलं, तर पट्टे चांगले दिसतात आणि दोन-तीन दिवस टिकतात. इंग्लंडमधल्या हिरवळीसारखे मात्र दिसणार नाहीत. तेवढ्यासाठी गवत बदलू नका, आपल्या उन्हाळ्यात हरळीच तगते.

विजेवर चालणारं मशीन घेतलं. पहिल्याच महिन्यात वायर पात्याखाली आली. कोणत्या पद्धतीनं कापलं तर वायर मध्ये येणार नाही?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

प्लगच्या बाजूनं सुरुवात करा आणि प्लगपासून दूर जात राहा. फेरे प्लग असलेल्या भिंतीला समांतर घ्या. वायर कायम कापून झालेल्या भागावर राहिली पाहिजे. प्रत्येक वळणाला वायर मशीनच्या मागच्या, कापलेल्या बाजूला टाका आणि मगच पुढचा फेरा सुरू करा. खांद्यावरून वायर घेतली की ती आपोआप मागे राहते. वायरचं मशीन गोल फेऱ्यांनी कधीही चालवू नका. प्रत्येक फेऱ्याला वायरला एक पीळ पडतो आणि अर्ध्या वेळा ती न कापलेल्या बाजूला असते.

वायर तीनतारी आणि किमान 1.5 चौरस मिमीची घ्या. प्लगच्या आधी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. कापली गेलेली वायर चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा वापरू नका, बदलून टाका. आणि गवत ओलं असताना हे मशीन बाहेर काढायचंच नाही.

आमचं लॉन उताराचं आणि वेड्यावाकड्या आकाराचं आहे. मधोमध चिकूचं झाड आहे. पावसाळ्यात मशीन घसरतं. सरळ फेरे घ्यायचे तरी कसे?
— एक वाचक, देवरुख, जि. रत्नागिरी

हातानं ढकलायचं मशीन उताराला आडवं चालवायचं. खाली-वर चालवलं तर उतरताना ते हातातून सुटतं आणि चढताना तुमचा पाय घसरून थेट पात्याखाली जाण्याचा धोका असतो. वळताना मशीनचं तोंड चढाच्या बाजूला ठेवा. सर्वांत वरच्या फेऱ्यापासून सुरुवात करून खाली उतरत या, म्हणजे तुमचे पाय शक्यतो कापलेल्या, कमी घसरड्या भागावर पडतात.

आकार वेडावाकडा असला तरी त्यात एक लांब सरळ रेघ सापडतेच. लॉनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी सर्वांत लांब रेघ शोधा, दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणा, पहिला फेरा तिच्या कडेनं घ्या आणि सुतळी काढून टाका. पुढचे फेरे त्याला समांतर. उतारावर ही रेघ आडवी असेल अशीच निवडा, थोडी आखूड झाली तरी चालेल. वळणदार कडा आधीच दोन फेऱ्यांत कापून घ्या. कडेच्या वळणाबरोबर आतले फेरेही वळवत नेले, तर ते कुठे जवळ येतात, कुठे फाकतात आणि मध्ये पाचरीसारखे तुकडे उरतात.

चिकूच्या बुंध्याभोवती दीड-दोन फुटांचं आळं मोकळं ठेवा, त्यात पालापाचोळा अंथरा. मशीन बुंध्याला घासून साल निघण्याचं टळतं. आधी आळ्याभोवती दोन गोल फेरे घ्या. मग सरळ फेरा झाडापर्यंत न्या, आळ्याला अर्धा वळसा घाला आणि पलीकडे त्याच रेघेवर पुढे जा. एकदा डावीकडून वळसा, पुढच्या वेळी उजवीकडून. पट्टे झाडापाशी तुटलेले दिसत नाहीत.

कोकणातल्या पावसात लॉन कोरडं मिळणं अवघड हे खरं. उघडीप मिळाली की दोन-तीन तास थांबून कापा आणि उंची पावणेदोन ते दोन इंच ठेवा. ओलं गवत मशीनच्या आत चिकटून गोळे पडतात. ते लॉनवर राहिले तर खालचं गवत दोन दिवसांत पिवळं पडतं, म्हणून गोळे त्याच दिवशी दाताळ्यानं ओढून घ्या.

कापल्यावर लॉनवर लाटा पडल्यासारख्या दिसतात आणि दोन दिवसांनी सगळं पांढुरकं होतं. माळी दर वेळी ठरलेल्याच रेघांवरून मशीन चालवतो. त्याचा संबंध असेल का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

लाटांचा संबंध नक्की आहे, पांढुरकेपणाचा नाही. दर वेळी चाकं त्याच जागेवरून गेली की तिथली माती दबते आणि पाट पडतात, काळ्या मातीत तर फार लवकर. पाटात चाक खाली जातं, पातंही खाली येतं आणि उंचवट्यावरचं गवत बुडापासून खरवडलं जातं. गवतही एकाच बाजूला आडवं पडायची सवय लावून घेतं आणि पातं त्याच्यावरून निसटतं. उपाय: चार कापण्यांचं चक्र ठेवा. पहिल्या वेळी लांबीच्या दिशेनं, दुसऱ्या वेळी एका कर्णाच्या दिशेनं, तिसऱ्या वेळी रुंदीच्या, चौथ्या वेळी दुसऱ्या कर्णाच्या. माळ्याच्या खोलीतल्या कॅलेंडरवर त्या तारखेपुढे बाण काढून ठेवला की गोंधळ होत नाही. रुंदीच्या वेळी वळणं वाढतील, ती चार कापण्यांतून एकदा सोसावीत.

पडलेले पाट भरायचे तर चाळलेली माती, वाळू आणि शेणखत मिसळून एका वेळी 5 मिमीहून जाड थर देऊ नका. गवताचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत. 1,800 चौरस फुटांच्या लॉनला अशा एका थरासाठी सुमारे 30 घनफूट मिश्रण लागतं, म्हणजे ब्रासचा तिसरा हिस्सा. गवत जोमानं वाढत असतानाच हे करा.

पांढुरकं दिसण्याचं कारण बोथट पातं. गवताचं एक पातं तोडून उजेडात धरा. मशीनच्या धारदार पात्यानं कापलेलं टोक सरळ असतं. बोथट पात्यानं टोक फाटतं, त्याचे धागे लोंबतात आणि तेच वाळून पांढरे होतात. रोटरीच्या पात्याला 20-25 तासांच्या वापरानंतर धार लावा. धार लावून झाल्यावर पातं मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवून बघा. एक बाजू खाली जात असेल तर तिथलं लोखंड आणखी घासा, नाहीतर मशीन थरथरतं. पात्याला हात लावण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करा. मशीन कलंडवताना एअर फिल्टर वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरतं. सिलिंडर मोवर असेल तर वर्तमानपत्राची पट्टी फिरतं पातं आणि खालचं पातं यांच्यामध्ये धरून सिलिंडर हातमोजा घालून सावकाश फिरवा. पूर्ण लांबीवर कागद कातरीसारखा कापला गेला, तर पातं जुळलेलं आहे.

कॉलेजच्या मैदानाचं आउटफिल्ड ट्रॅक्टरमागच्या तीन सिलिंडरच्या मशीननं कापतो. मैदान गोल, साधारण 60 मीटर त्रिज्येचं आहे, म्हणून सीमारेषेपासून गोल फेरे घेतो. खेळाडू म्हणतात चेंडू वळतो. पद्धत बदलावी का?
— क्रीडा विभाग, कोल्हापूर

बदला. खेळाडूंचं म्हणणं खरं आहे. गोल फेरे नेहमी एकाच दिशेनं घेतले की सगळं गवत त्या दिशेला झुकतं. सीमारेषेकडे जाणारा चेंडू या झुकावाला आडवा जातो आणि वेग कमी झाला की झुकावाच्या दिशेनं ओढला जातो. त्यात आतली वर्तुळं लहान होत जातात, ट्रॅक्टरचं आतलं चाक जागच्या जागी घासतं आणि नेमकं खेळपट्टीच्या जवळचं गवत उखडतं.

60 मीटर त्रिज्येचं मैदान सुमारे 11,300 चौरस मीटरचं होतं, पावणेतीन एकरांपेक्षा थोडं जास्त. मशीनची उपयोगी रुंदी 2 मीटर धरली तर दोन्ही पद्धतींत सुमारे साडेपाच किलोमीटर चालावं लागतं. सरळ पट्ट्यांना वळणं जास्त लागतात, पण ती सीमादोराच्या बाहेर घेता येतात. कडेनं दोन गोल फेरे घ्या, मग एका कापणीत खेळपट्टीला समांतर आणि पुढच्या कापणीत तिला काटकोनात सरळ पट्टे. पहिला पट्टा मधल्या यष्टीच्या रेघेत, दोन्ही साइटस्क्रीनच्या मध्यावर नजर ठेवून घातला की बाकीचे आपोआप सरळ येतात. मधला चौक, म्हणजे खेळपट्ट्यांचा चौकोन, लागला की सिलिंडर उचला, चौकावरून ट्रॅक्टर नेऊ नका आणि त्याच्या अगदी कडेला गर्रकन वळूही नका. चौकाच्या चारही बाजूंनी छोट्या मशीननं एक फेरा घेऊन जोड मिटवा.

पावसाळ्यानंतर अडीच इंच वाढलेलं गवत एकदम पाऊण इंचावर आणू नका. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, दोन कापण्यांत तीन-चार दिवस सोडायचे. घाई केली तर हिरवा पाला निघून जातो, खाली तपकिरी काड्या उरतात आणि त्यावर कोणतेच पट्टे उमटत नाहीत.

इथे घरामागे टॉल फेस्क्यूचं लॉन आहे. 42 इंची बसून चालवायचं मशीन आहे, गवत उजवीकडून बाहेर फेकतं. शंकरपाळ्यासारखी नक्षी काढायची इच्छा आहे. एका बाजूला उतार आहे.
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमचं गवत तीन ते साडेतीन इंच ठेवता येतं आणि छान झुकतं, त्यामुळे नक्षी उत्तम उमटेल. पण आधी उतार मोजा. बसून चालवायचं मशीन आडव्या उतारावर कलंडू शकतं, म्हणून हातमशीनच्या उलट, ते उतारावर सरळ खाली-वर चालवायचं. एक मीटरची पट्टी स्पिरिट लेव्हल लावून आडवी धरा, एक टोक जमिनीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाखालचं अंतर मोजा. 27 सेंमीच्या वर आलं तर उतार 15 अंशांपेक्षा जास्त आहे. तिथे हे मशीन नेऊ नका आणि नक्षीही सपाट भागापुरतीच ठेवा.

कडेचे पहिले दोन फेरे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घ्या, म्हणजे कापलेलं गवत लॉनच्या आत पडेल, फुलझाडांच्या वाफ्यात जाणार नाही. तिसऱ्यापासून दिशा उलटी करा. नाहीतर कापलेलं गवत सतत न कापलेल्या गवतावर साठत जातं आणि मशीन दमतं.

नक्षीसाठी 45 अंशांची रेघ लागते. लॉनच्या काटकोनी कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर सारखंच अंतर मोजा, समजा 30-30 फूट, आणि त्या दोन बिंदूंमध्ये सुतळी ताणा. पहिला फेरा तिच्या कडेनं घ्या, मग दोन्ही बाजूंना समांतर फेरे घेत सगळा भाग कापा. त्यानंतर शेजारच्या कोपऱ्यापासून तशीच मापं घेऊन, आधीच्या रेघांना काटकोनात जाणारी सुतळी ताणा आणि पूर्ण लॉनवर दुसऱ्यांदा फिरा. दोन्ही खेपांना उंची एकच ठेवा. शेवटी वळणपट्टीवरून एक फेरा घ्या, म्हणजे वळणांच्या खुणा जातील आणि नक्षीला चौकट मिळेल. झीरो-टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारं मशीन असेल तर वळताना आतलं चाक थांबवू नका, तेही सावकाश फिरतं ठेवा.

यात मशीन दोनदा फिरतं, म्हणजे वेळ आणि पेट्रोल दुप्पट, आणि गवतावर चाकांचा दाबही दुप्पट. फेस्क्यू जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात आधीच थकलेलं असतं, तेव्हा एकेरी पट्ट्यांवरच थांबा. मे महिन्यात, किंवा गणपतीच्या सुमारास हवा थंडावल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात, ही नक्षी काढा.